नेतृत्व करताना भोंगा वाजवू नये

संकटात सापडलेल्या माणसाला सर्वांत आधी कशाची गरज असते, या प्रश्नाला अडाणी माणूस 'मदतीची' असे उत्तर देतो. ते चूक आहे. सर्वांत आधी गरज असते ती जबाबदार इसमाची. मदत थोडी उशिरा आली तरी समाज सांभाळून घेतो. पण जबाबदार कोण हेच ठरलेले नसेल, तर समाजाला घास गिळवत नाही. जपानमधल्या आमच्या हिनोउरा शहरात आग विझवणे आणि रुग्ण वाहून नेणे ही दोन्ही कामे अग्निशमन मुख्यालयाकडे आहेत. मुख्यालयाने वरील सत्य फार पूर्वी ओळखले आणि रुग्णवाहिकेतल्या पॅरामेडिकला टप्प्याटप्प्याने नेता बनवले. नियोजन शाखेत चाकरी करताना हा विकास मी अगदी जवळून पाहिला आहे. (रुग्णवाहिका नव्हे. ती लांबूनच पाहिली आहे.)

पहिल्या टप्प्यात पॅरामेडिक नव्हताच. दोन धडधाकट माणसे रुग्णाला उचलत आणि नेत. हा काळ वैचारिकदृष्ट्या मागासलेला होता, कारण रुग्ण कसलीही चर्चा न होता दवाखान्यात पोहोचे. दुसऱ्या टप्प्यात शिक्षण आले, परीक्षा आली, परवाना आला. पॅरामेडिक सलाईन लावू लागला, घशात नळी घालू लागला. अर्थात त्याआधी फोनवर डॉक्टरचा निर्देश घ्यायचा. रुग्णाचे हृदय बंद पडलेले असेल तर निर्देश चटकन मिळतो. चालू असेल तर डॉक्टर विचारात पडतात. एकंदरीत, रुग्णाने आधी मरण्याची तयारी दाखवली तर कामाला गती येते.

तिसरा टप्पा नेतृत्वाचा. टोकियोहून परिपत्रक आले, की यापुढे पॅरामेडिक हा केवळ वाहक नसून घटनास्थळीचा नेता राहील. परिपत्रक येताच आम्ही समिती नेमली. समितीत अकरा सदस्य होते आणि त्यांपैकी कोणीही कधी रुग्णवाहिकेत काम केलेले नसल्यामुळे निःपक्षपातीपणाचा प्रश्न आपोआप सुटला. (उपाध्यक्षांना एकदा मुतखड्यासाठी रुग्णवाहिकेतून नेले होते. त्यांचे मत अनुभवाचे धरले जाते.) मी सदस्य-सचिव, म्हणजे चहा कधी आणायचा हे ठरवणारा. पहिल्याच मसुद्यात नेत्याची कर्तव्ये अशी निश्चित झाली :

१. नेत्याने निर्णय घ्यावा.
२. निर्णय घेण्यापूर्वी विचारावे.
३. ज्यांना विचारायचे ते उपलब्ध नसल्यास, ते उपलब्ध होईपर्यंत नेतृत्व चालू ठेवावे.
४. निर्णय बरोबर ठरल्यास श्रेय संपूर्ण यंत्रणेचे. (चूक ठरल्यास कलम १ पाहावे.)

इतका सुटसुटीत मसुदा माझ्या पाहण्यात नाही. त्याची पहिली प्रत्यक्ष चाचणी झाली ती एका शनिवारी दुपारी, आणि तीही समितीची बैठक चालू असताना. पुढचे सगळे बोलणे मुख्यालयाच्या फोनवर आणि तुकडीजवळच्या यंत्रात ध्वनिमुद्रित झालेले आहे; चौकशीच्या निमित्ताने मला ते ऐकावे लागले.

बंदराजवळच्या आळीत वाकुई सेइजी नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचे केस कापण्याचे दुकान आहे. शनिवारी तिथे गर्दी असते. त्या दुपारी त्यांच्या पत्नी तोमिएबाईंनी ११९ ला, म्हणजे आमच्या तातडीच्या क्रमांकाला, फोन केला.

“माफ करा हं, शनिवारचा तुम्हाला त्रास. आमच्या ह्यांच्या छातीत मघापासून जरासं दुखतंय. म्हणजे घाई काही नाही. दुसरं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन या.”

“बाई, घाम आलाय का त्यांना?”

“सदरा तिसऱ्यांदा बदललाय. पण एक विनंती होती हो. येताना तो भोंगा तेवढा वाजवू नका. शेजारच्या होसाका आजींची डुलकीची वेळ आहे. आणि आळीत उगाच बोभाटा.”

ही विनंती आमच्या शहराच्या सभ्यतेचा कळस आहे. दहांपैकी चार नागरिक ती करतात. (पाचवा करत नाही, कारण तो बेशुद्ध असतो.) कायद्याने मात्र भोंगा बंद केला की रुग्णवाहिका ही साधी मोटार ठरते आणि तिला प्रत्येक लाल दिव्यापाशी थांबावे लागते. लोकांचे म्हणणे एवढेच, की गाडीने लवकर यावे आणि आली हे कुणाला कळू नये. चांगल्या सुनेकडून आपण याहून कमी अपेक्षा करत नाही.

रुग्णवाहिकेच्या तिसऱ्या तुकडीच्या प्रमुख पॅरामेडिक कुरामोची हिसाए या बाईंनी ही विनंती धुडकावली आणि भोंगा वाजवत आळी गाठली. कुरामोचीबाई कामात चोख आणि तोंडाने फटकळ. मुख्यालयात त्यांच्यापुढे जाताना आम्ही एखादा कागद हातात ठेवतो, म्हणजे घाईत आहोत असे दिसते. त्या पोहोचल्या तेव्हा तोमिएबाई दारासमोरची जागा झाडत होत्या. पाहुणे येणार म्हटल्यावर दार झाडणे आलेच. दवाखान्याची पिशवीही भरून तयार होती : सपाता, पेला, विम्याचे कार्ड, सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का. आत वाकुई एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. डावा गाल झाला होता.

“काका, वस्तरा खाली ठेवा,” कुरामोचीबाई म्हणाल्या.

“एवढा उजवा उरकतो. माणसाला असं अर्धवट घरी कसं पाठवायचं?”

“हात बघा किती थरथरतोय. गळा चिराल त्याचा, मग दोघांना न्यावं लागेल मला.”

“माझं काही नाही हो,” गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणाले, “मी थांबतो.”

वाकुईंना गाडीत निजवून यंत्र लावले. कागदावर उमटलेल्या रेघा बघून कुरामोचीबाईंनी त्यांना सरळच सांगितले, “काका, हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबलीय. ती जेवढा वेळ तुंबून राहील तेवढं हृदय मरत जाईल. दवाखान्यात नेऊन मोकळी केली, की उभे राहाल.”

“मंगळवारी दुकान उघडता येईल ना? सोमवारी सुट्टीच असते. उभं राहता आलं पाहिजे बुवा. बसून कुणाचे केस कापता येत नाहीत.”

म्हणजे मामला साधा होता. एक माणूस, एक तुंबलेली रक्तवाहिनी, आणि ती मोकळी करू शकणारी शहरात पाच रुग्णालये. आमच्याकडे रुग्णालयाने फोनवर होकार दिल्याशिवाय रुग्णवाहिका हलत नाही. आगंतुकासारखे कुणाच्या दारात जायचे नाही, हा आमचा संस्कार आहे. कुरामोचीबाई फोन करू लागल्या.

मध्यवर्ती रुग्णालयाने अत्यंत खेद व्यक्त केला, खाट नाही. दुसऱ्याने त्याहून जास्त खेद व्यक्त केला. हृदयाचे डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. तिसऱ्याकडे आज हाडांचे डॉक्टर होते. “रुग्णाचं एखादं हाड मोडलंय का?” असे त्यांनी आशेने विचारले. चौथ्याने वाकुईंचे नाव आपल्या जुन्या रुग्णांच्या वहीत आहे का ते पाहिले, नव्हते. ज्याचा रुग्ण त्याने पाहावा, असे त्यांचे म्हणणे पडले. पाचवे रुग्णालय मात्र मनाने मोठे होते.

“इतर ठिकाणी विचारलंत का?” पाचव्याने विचारले.

“विचारलं. चौघे नाही म्हणाले.”

“चौघे? मग काहीतरी अवघड असणार. आम्ही कसं घ्यावं? तुम्ही असं करा, पुन्हा एकदा सगळीकडे विचारा. कुणीच नाही घेतलं तर आम्ही शेवटी आहोतच.”

यात लपवण्यासारखे काही नाही. आमच्या शहरात रुग्णाला शेवटी घेणारी पाच रुग्णालये आहेत. पहिल्यांदा घेणारे तेवढे एखादे निघायचे आहे. कुरामोचीबाईंनी पुन्हा मध्यवर्तीला फोन लावला. पुन्हा खेद. वाकुई घामाने न्हाले होते आणि तोमिएबाई त्यांची टाच धरून बसल्या होत्या. दुसरे काही धरण्यासारखे मोकळे नव्हते.

इथे नेत्याच्या दंडपट्टीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घटनास्थळी नेता कोण हे नागरिकांना कळावे म्हणून नेत्याने दंडावर पट्टी बांधावी असे समितीने ठरवले होते. प्रश्न रंगाचा होता. लाल रंगाने रक्ताची आठवण होते. पांढरा शरणागतीचा. हिरवा शाळेपाशी रस्ता ओलांडून देणाऱ्या आजोबांनी आधीच घेतलेला, आणि ते आजोबा संघटित आहेत. निळ्यावर एकमत झाले, पण निळ्याच्या छटा तीन निघाल्या आणि प्रत्येक छटेमागे एकेक उपसमिती उभी राहिली. शेवटी करडा रंग निवडण्यात आला. पाहणीत करडी पट्टी बांधलेला नेता ८१ टक्के नागरिकांना दिसलाच नाही, त्यामुळे त्याचा कुणाला त्रासही झाला नाही. उरलेल्या १९ टक्क्यांनी त्याला पाण्याचा मीटर वाचणारा समजून घरात घेतले.

नागरिकांच्या नजरेला आम्ही फार जपतो, त्याला कारण आहे. मागे एकदा एका सजग नागरिकाचे पत्र आले होते : “आपल्या तुकडीतील तीन इसम गणवेशात दुकानापुढे उभे राहून भाताचे गोळे खाताना दिसले. हे आमच्या करातून चालते काय?” चौकशी केली. तुकडी सकाळपासून उपाशी होती, ही गोष्ट खरी निघाली. पण उपाशी असणे कुणाला दिसले नव्हते आणि खाणे दिसले होते. तेव्हापासून गाडीच्या काचेवर आम्ही पाटी लावतो : “तुकडी जेवत आहे. कृपया गैरसमज नसावा.” त्यावर त्याच नागरिकाचे दुसरे पत्र आले, की पाटी उत्तम आहे, परंतु त्यांतला एकजण हसत होता. मग पाटीवर दुरुस्ती केली : “तुकडी जेवत आहे. यात आनंदाचा भाग नाही.” त्यानंतर पत्र आलेले नाही. लोकसहभागातून सुधारणा होते ती अशी.

असो. वाकुई अजून गाडीतच आहेत.

खेद दुसऱ्या फेरीलाही लागल्यावर कुरामोचीबाईंनी कलम २ नुसार वर विचारायचे ठरवले. त्या दिवशीचे निर्देशक डॉक्टर होते उकाई. तेच मध्यवर्ती रुग्णालयाचे उपप्रमुख. त्यांनी एक शब्द टाकला असता तर दार उघडले असते. बाईंनी त्यांना फोन लावला. फोन त्यांनी उचलला नाही.

डॉ. उकाई तेव्हा माझ्या शेजारी बसले होते. समितीचे सन्माननीय सल्लागार म्हणून आम्हीच त्यांना बोलावले होते. आमचे विभागप्रमुख तोगावा 'घटनास्थळी नेत्याचे स्वातंत्र्य' या विषयावर उभे राहून बोलत होते, आणि वरिष्ठ बोलत असताना फोन उचलणे हे आमच्याकडे ताटावरून उठण्याइतके वाईट. डॉक्टरांचा फोन आवाज बंद करून टेबलावर ठेवलेला होता. तो थरथरू लागला. थरथरत थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकू लागला. अकराही सदस्यांनी तो पाहिला आणि एकानेही पाहिल्याचे दाखवले नाही. अगदी पडणार इतक्यात मी तो अलगद उचलून मागे ठेवला. डॉक्टरांनी मान लववून माझे आभार मानले. पुन्हा थरथरला, मी पुन्हा मागे ठेवला. सचिवाचे काम लोकांना सोपे वाटते, ते तसे नसते.

इकडे गाडीत चालक निईमी म्हणाला, “कॅप्टन, उकाईसाहेब मुख्यालयात आहेत. आज ती बैठक नाही का, नेतृत्वाची?”

“म्हणजे मी निर्णय कसा घ्यायचा हे ठरवायला बसलेत, म्हणून त्यांना मला निर्णय देता येत नाही?”

“तसंच दिसतंय.”

“मग आपणच एक घेऊन टाकू. त्यांनाही उदाहरण होईल. चल मध्यवर्तीला.”

“त्यांनी दोनदा नाही म्हटलंय.”

“फोनवर म्हटलंय. आता तोंडावर म्हणू दे.”

मध्यवर्ती रुग्णालयाच्या तातडीच्या दारापुढे गाडी उभी राहिली. नियमानुसार आवारात शिरताना भोंगा बंद करायचा असतो. तो बंद झाला नाही. शनिवारची शांत दुपार, आजूबाजूला वस्ती. पहिल्या मजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत पडदे सरकू लागले. पहारेकरी धावत आला.

“अहो बंद करा ते! आत रुग्ण आहेत!”

“बाहेरही आहे एक,” कुरामोचीबाई म्हणाल्या.

“कुणाला विचारून आलात?”

“सगळ्यांना विचारून झालंय, दादा. तुम्हीच राहिला होतात. दार उघडलं की बंद करते.”

तोमिएबाई गाडीतून उतरून पहारेकऱ्याला वाकून वाकून माफी मागत होत्या. पडदे दिसतील तिकडे वळून त्यांनाही वाकत होत्या. “बंद करा हो बाई, तुमच्या पाया पडते. सगळे बघतायत. आम्ही आता या गावात तोंड कसं दाखवायचं?”

तेव्हा गाडीतून वाकुईंचा आवाज आला. ध्वनिमुद्रणात तो जेमतेम ऐकू येतो. “तोमिए, वाजू दे गं. जन्मभर हळू बोललो. वाजू दे.”

(हा भाग ऐकताना मी यंत्राचा आवाज कमी केला. कार्यालयात इतर लोकही असतात.)

दार उघडले. खेदाने उघडले नाही ते लाजेने उघडले. विशेष म्हणजे आत खाटही निघाली. खाट असतेच, ती संभाव्य रुग्णासाठी राखून ठेवलेली असते, आणि वाकुई पडले प्रत्यक्ष रुग्ण. डॉक्टरही चांगले निघाले, रक्तवाहिनी मोकळी केली, वाकुई जगले. त्यांच्या हृदयाचा खालचा भाग मात्र वाट पाहून पाहून मेला होता, तो काही परत आला नाही. आता त्यांना उभे राहिले की धाप लागते. मंगळवारी दुकान उघडले नाही, आणि त्यानंतरही नाही. थोडे आधी आणले असते तर, असे तिथल्या एका तरुण डॉक्टरने म्हटले. तो नवीन आहे.

या घटनेबाबत मुख्यालयाकडे आलेल्या तक्रारींचा तपशील असा. रुग्ण नाकारल्याबद्दल : शून्य. निर्देशक डॉक्टर उपलब्ध न झाल्याबद्दल : शून्य. भोंग्याबद्दल : सत्तावन्न. त्यांपैकी चाळीस पत्रांची सुरुवात 'रुग्णाचे प्राण वाचले याचा आनंदच आहे, परंतु' अशी होती. तोमिएबाईंनी त्या वस्तीत घरोघर जाऊन, आवाजाचा त्रास झाला म्हणून, गोड शेंगदाण्याच्या वड्यांचा एकेक डबा दिला. एक डबा मुख्यालयालाही आला. वड्या उत्तम होत्या.

कुरामोचीबाईंची चौकशी झाली. तोगावांनी सौम्य शब्दांत विचारले, “आपण कोणत्या अधिकारात गेलात?”

“कलम एक. नेत्याने निर्णय घ्यावा.”

“आणि कलम दोन?”

“विचारलं की. पाच रुग्णालयांना, त्यांतल्या एकाला दोनदा. आणि उकाईसाहेबांना किती वेळा, ते त्यांनीच आपल्या फोनवर बघावं.”

डॉ. उकाईंनी फोन बाहेर काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला. प्रसंग ओळखून मी चहा आणवला.

शिक्षा कुणालाच झाली नाही. आम्ही सूडबुद्धीची माणसे नव्हेत. उलट कुरामोचीबाईंच्या अंगचे नेतृत्व इतके मोलाचे ठरले, की ते रस्त्यावर धोक्यात घालणे समितीला मान्य होईना. त्यांना गाडीवरून काढून प्रशिक्षण केंद्रात नेमले. तिथे त्या नव्या पॅरामेडिकना नेतृत्व हा विषय शिकवतात. समितीने मंजूर केलेलेच शिकवावे लागते. मसुद्यात कलम ५ ची भर पडली आहे : 'नेतृत्व करताना भोंगा वाजवू नये.' ते त्या फळ्यावर लिहितात आणि, असे ऐकतो, की लिहून झाल्यावर बराच वेळ वर्गाकडे पाठ करून उभ्या राहतात.

हे सारे वाचून तुम्हाला आमचा संताप आला असेल. रुग्णालयांचा आला असेल, तोगावांचा, माझा तर नक्कीच. येऊ द्या, तुमचा हक्क आहे. फक्त एक नोंद करावीशी वाटते. मघाशी वाकुई गाडीत घामाघूम पडले होते, त्यांचे हृदय तिळातिळाने मरत होते, आणि नेमके तेव्हा मी तुम्हाला दंडपट्टीचा रंग सांगू लागलो. तुम्ही मुकाट्याने माझ्याबरोबर आलात. करड्या रंगाला हसलात, भाताच्या गोळ्यांना जरा जास्तच हसलात. 'अहो, आधी त्या माणसाचं बघा' असे काही तुमच्याकडून ऐकू आले नाही. आमच्या समितीत नागरिकांच्या प्रतिनिधीची एक जागा कित्येक महिने रिकामी आहे. दुसऱ्याच्या छातीत दुखत असताना विषयांतराचा शांतपणे आस्वाद घेऊ शकेल, असा सुसंस्कृत माणूस मिळत नव्हता. कृपया अर्ज पाठवू नये. तुमची निवड झालेली आहे.